होलाशेजारची साक्षीदार

सीडर रॅपिड्सच्या आसपास चाळीस मैलांत जेवढी गोल्फची मैदानं आहेत, त्या सगळ्यांवर आर्लिस वोंड्रासेक जाऊन बसून आली होती. खेळली मात्र एकावरही नव्हती. गोल्फची काठी तिने आयुष्यात एकदाच हातात धरली, तीही गॅरेजमधला साप हुसकावायला.

तिचं काम बसण्याचं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडे मदतीच्या स्पर्धेशिवाय शनिवार जात नाही. कधी चर्चचं छप्पर गळतं, कधी शाळेच्या बँडला नवे कपडे हवे असतात. मग शे-सव्वाशे लोक वर्गणी भरून गोल्फ खेळतात आणि एखाद्या आखूड पल्ल्याच्या होलाशेजारी नवी कोरी गाडी रिबीन बांधून उभी करतात. जो तिथे एका फटक्यात चेंडू होलात घालील, त्याची ती गाडी. गाडी देणारा दुकानदार काही खुळा नसतो, तो विमा उतरवतो. विमा कंपनीही खुळी नसते. ती म्हणते, होलाशेजारी दिवसभर एक माणूस बसवा. तो खेळणारा नसावा, कुणा खेळणाऱ्याचा नातेवाईक नसावा, आणि चेंडू होलात पडताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायला हवा. आता आमच्याकडे प्रत्येकजण प्रत्येकाचा कुठून तरी मावसभाऊ लागतो. आर्लिसला मूलबाळ नव्हतं, नवरा लिओ अशा स्पर्धांत कधीच खेळला नव्हता आणि नऊ वर्षांपूर्वी तर गेलाच होता, आणि एकुलती एक बहीण ॲरिझोनात होती. विमा कंपनीच्या दृष्टीने इतकी सोयीची बाई तीन तालुक्यांत दुसरी नव्हती.

बावीस उन्हाळे ती हे काम करत होती, आणि बावीस उन्हाळ्यांत तिच्यासमोर एकही चेंडू एका फटक्यात होलात गेला नव्हता. बक्षिसाच्या गाडीवर आदळलेले तिने तीन पाहिले, त्यांतल्या दोनांनी काच फोडली. एक सरळ तिच्या मांडीवरच्या डब्यात, बटाट्याच्या सॅलडमध्ये येऊन रुतला. तो मारणारा धापा टाकत आला आणि त्याने अगदी गंभीरपणे विचारलं, "इथून पुढचा फटका मारायचा कसा?"

"चमच्याने," आर्लिस म्हणाली.

मैदानांची तिची स्वतःची प्रतवारी होती. वर्तमानपत्रवाले हिरवळ कशी राखली आहे, वाळूचे खड्डे किती आहेत, यावरून मैदानांना तारे देतात. आर्लिस सावली कुठे पडते आणि संडास किती पावलांवर आहे, यावरून देत असे. ट्विन सायलोज हे मैदान तिच्या मते सगळ्यांत वाईट. तिथे लोक शेजारच्या शेतातल्या दोन कोठारांच्या मधोमध नेम धरतात. त्यांतलं एक शेतकऱ्याने पाडलं तेव्हा क्लबने त्याला पत्र लिहून विचारलं होतं, की आता आम्ही नेम कुठे धरायचा. कोलारच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना मका. तिथे ऑगस्टमध्ये बाहेर गेलेला चेंडू ऑक्टोबरात कापणीच्या यंत्रात सापडतो. हायवेवरच्या मैदानाच्या दारात चौदा फुटी प्लास्टिकचं डुक्कर उभं आहे आणि आतल्या खानावळीत पावाच्या चौपट आकाराचा डुकराच्या मांसाचा तळलेला तुकडा पावात घालून देतात. गोल्फशी काडीचा संबंध नसलेली माणसं त्या डुकरासोबत फोटो काढायला आणि तो तुकडा खायला साठ मैलांवरून येतात. तिथला संडास सतरा पावलांवर होता. आर्लिसने त्या मैदानाला पहिला नंबर दिला होता.

वारा कुठला आहे हे तिला होलातल्या झेंड्याकडे न बघता कळे. ओट भाजल्याचा वास आला की वारा शहराकडून, सडक्या मक्याचा आला की कारखान्याकडून, आणि कसलाच आला नाही तर पाऊस. हे इथल्या सगळ्यांनाच कळतं, पण खेळणारे तिला विचारून घेत, कारण आर्लिस जे आहे तेच सांगते अशी तिची ख्याती होती. लग्नाआधीपासून ती धान्याच्या सहकारी कोठाराच्या वजनकाट्यावर होती. चौतीस वर्षं. ट्रक काट्यावर चढे, ती आकडा वाचे, मोठ्याने सांगे. सगे आले, चर्चमधले आले, एकदा खुद्द कोठाराच्या अध्यक्षाने वजन वाढवायला ट्रकमध्येच बसून राहायचा प्रयत्न केला. तिने खिडकीतून मान काढून त्याला खाली उतरवलं आणि उतरल्यावर आकडा वाचला.

आता व्हर्लिनबद्दल सांगायला हवं. व्हर्लिन हेसे हा लिओचा गोल्फमधला जोडीदार. तीस वर्षं दर गुरुवारी दोघे एकत्र खेळले. लिओचा अंत्यविधी नेमका गुरुवारी आला. चर्चमध्ये प्रार्थना निम्म्यावर आली होती, तेव्हा मागचं दार उघडलं आणि टक टक टक टक करत व्हर्लिन मधल्या वाटेने पुढे आला. पायांत खिळ्यांचे गोल्फचे बूट होते. त्या फरशीला वसंतात लिओनेच दोन हात पॉलिश केलं होतं. व्हर्लिन पहिल्या बाकापर्यंत आला, तिच्या शेजारी बसला, आणि आर्लिसने त्या दिवसापासून त्याच्याशी अबोला धरला. साधासुधा नव्हे. आमच्याकडे कितीही बिनसलं तरी माणसं एकमेकांशी हवेबद्दल बोलतात. आर्लिस व्हर्लिनशी हवेबद्दलही बोलत नव्हती. नऊ वर्षांत चार वादळं आणि एक पूर आला, तरी नाही.

ते जुलैतल्या शेवटच्या शनिवारी झालं. हॉलेनबेक गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला नवी रुग्णवाहिका हवी होती, म्हणून कॉर्नर ओकच्या मैदानावर स्पर्धा ठेवली होती. सगळी व्यवस्था मार्शा ड्वोराककडे. मार्शा ही गावातल्या सगळ्या व्यवस्था करणारी बाई. तिला नाही म्हणायचं तर गाव सोडावं लागतं. बक्षिसाची गाडी म्हणजे निळा पिकअप ट्रक. तो तेराव्या होलाशेजारी लावला होता आणि त्याच्या सावलीत आर्लिसची घडीची खुर्ची.

तेरावा होल एकशे बहात्तर यार्डांचा. मधे जमिनीला एक उंचवटा आहे. त्यामुळे मारायच्या जागेवरून झेंडा दिसतो, पण झेंड्याचं बूड आणि होल दिसत नाही. चेंडू उंचवट्यावर पडतो, पलीकडे घरंगळतो आणि मारणारे डोळ्यांवर हात धरून उभे राहतात. खरं तर ते आर्लिसकडे बघत असतात. चेंडू आत गेला तर तिने दोन्ही हात वर करायचे असतात. बावीस वर्षांत तिने ते वर केले नव्हते; अंग मोकळं करायचं झालं तरी ती एकेक हात वर करी, उगीच कुणाचा गैरसमज नको.

दुपारी दीडच्या सुमारास व्हर्लिनची चौकडी आली. त्याच्यासोबत फादर मायलो होते, एक दातांचा डॉक्टर होता आणि डॉक्टरचा मेव्हणा. आर्लिसने व्हर्लिनला टोपीवरून ओळखलं आणि ठरवलं, की आपण माणसाकडे बघायचं नाही, चेंडूकडे बघायचं.

आणि तेवढ्यात डॅरिलने हात केला.

डॅरिल शेजारच्या पट्ट्यात गवत कापायचं यंत्र चालवत होता, ते त्याने हात करण्यापुरतं बंद केलं होतं. हात केला म्हणजे हात करायचा, हा आमच्याकडचा कायदा आहे. समोरून ट्रॅक्टर आला तर स्टिअरिंगवरून दोन बोटं उचलायची, अंगणातल्या माणसाने पाहिलं तर पूर्ण पंजा. न करणं म्हणजे एकतर तुम्ही आजारी आहात किंवा शिकागोहून आला आहात. त्यात डॅरिलची आई मार्चमध्ये गेलेली. मागच्याच आठवड्यात आर्लिसच्या डोळ्यांवर ऊन होतं आणि तिला त्याचा हात दिसला नव्हता, तर रविवारी चर्चबाहेर येऊन बापडा विचारत होता, "माझं काही चुकलं का, मिसेस वोंड्रासेक?" तेव्हा तिने मान वळवली आणि हात केला. तो लांब होता म्हणून चांगला डोक्यावर नेऊन केला.

तेवढ्यात तिच्या पाठीमागे चेंडू आला.

ती वळली तेव्हा हिरवळीवर काही नव्हतं. झेंड्याची काठी किंचित हलत होती. ती उठली, होलापाशी गेली, वाकून पाहिलं. तळाशी चेंडू होता. त्यावर लाल ठिपका होता, आणि लाल ठिपका व्हर्लिनचा हे आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे.

मारायच्या जागेवर चौघे डोळ्यांवर हात धरून उभे होते. आर्लिसने हात वर केले नाहीत. तिला ते करावेसे वाटले, इतके की खांदे दुखले, पण केले नाहीत. शेवटी चौघे मैदानावरच्या छोट्या गाड्यांमध्ये बसून वर आले.

"कुठे गेला?" फादरनी विचारलं.

"होलात आहे."

डॉक्टरच्या मेव्हण्याने टोपी हवेत उडवली. डॉक्टरने व्हर्लिनला मिठी मारली, जी आमच्याकडे लग्नातही मारत नाहीत. व्हर्लिन मात्र होलाच्या काठाशी गेला, आत पाहिलं, आणि टोपी काढून उभा राहिला. त्याचा स्वतःचा ट्रक सव्वीस वर्षांचा होता. शेजारी बसणाऱ्याला ड्रायव्हरच्या दारातून चढावं लागे, कारण पलीकडचं दार सुतळीने बांधलेलं होतं. पण त्याने निळ्या ट्रककडे एकदाही पाहिलं नाही.

"हात नाही वर केलेस ते, आर्लिस," फादर म्हणाले.

"मी पाहिलं नाही, फादर."

"काय पाहिलं नाही?"

"पडताना. मी डॅरिलला हात करत होते."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. लांब डॅरिलचं यंत्र चालू होतं. त्याला वाटलं सगळे त्याच्याकडे बघताहेत, म्हणून त्याने पुन्हा हात केला, आणि सगळ्यांनी त्याला हात केले.

मार्शा दहा मिनिटांत आली. हातात फळीला लावलेला फॉर्म होता. तिने आधी व्हर्लिनचं अभिनंदन केलं, मग ऐकलं, मग फॉर्म वाचला, मग मोठ्याने वाचला. "वरील खेळाडूने मारलेला चेंडू फटक्यापासून होलात पडेपर्यंत मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. खाली सही."

"मी नाही पाहिला."

"मी काही म्हणत नाहीये, मिसेस वोंड्रासेक," मार्शा म्हणाली. इथे बाई असं म्हणाली की समजावं, आता म्हणणार. "मी फक्त म्हणते, चेंडू आहे ना आत?"

"आहे."

"तो उडत आला, पडला, आत गेला. दुसरं काय झालं असणार?"

"काही नाही. हेच झालं असणार."

"मग?"

"असणार हे मी लिहून देते. पाहिलं हे नाही."

डॉक्टर म्हणाला, "एवढ्या जवळ बसलेलं माणूस, म्हणजे पाहिल्यासारखंच."

"दात दुखतोय असं कुणी सांगितलं तर तू न बघता उपटतोस का?" आर्लिसने विचारलं. डॉक्टर चेंडूकडे बघायला लागला.

फादर मायलो घसा खाकरत पुढे आले. त्यांनी लिओला पुरलं होतं आणि दर ख्रिसमसला आर्लिसच्या हातचे कोलाचे नावाचे खसखशीचे गोड पाव खाल्ले होते. "आर्लिस, आमच्या धंद्यात न पाहिलेल्या गोष्टींवरच सगळं चालतं."

"मग तुम्ही करा सही."

"माझी चालत नाही. मी खेळणारा आहे."

"म्हणजे विमा कंपनीलाही तुमचा धंदा ठाऊक आहे तर."

मार्शाने डॅरिलला बोलावून घेतलं. तो यंत्र बंद करून, टोपी हातात घेऊन आला. "तू तरी पाहिलंस का?"

"मी मिसेस वोंड्रासेककडे बघत होतो," डॅरिल म्हणाला. "हात करतात की नाही ते." मग त्याला काय झालंय ते कळलं आणि त्याचा चेहरा पडला. "माझं काही चुकलं का?"

"नाही," आर्लिस म्हणाली. "तुझं काही चुकलं नाही."

या सगळ्या वेळात व्हर्लिन एक अक्षर बोलला नव्हता. त्याने विनवलं असतं, भांडला असता, तर आर्लिसला सोपं गेलं असतं. ती खुर्चीवर बसली आणि फळी मांडीवर घेतली. सगळ्यांना काय वाटणार हे तिला दिसत होतं: बाईने नऊ वर्षं बुटांचा राग पोटात ठेवला आणि आज काढला. मनात काय आहे ते तिने प्रामाणिकपणे चाचपून पाहिलं, तर राग होता. फार नव्हता, पण होता. तो तिने बाजूला काढून ठेवला आणि पुन्हा पाहिलं. तरी चेंडू पडताना दिसला नव्हता. मग तिने उलटंही करून पाहिलं: सही केली तर व्हर्लिनला ट्रक मिळतो, गाव खूश होतं, अबोला कुणी न बोलता मिटतो, आणि बावीस उन्हाळे बसल्याचं सार्थक होतं. हे दुसरं पारडं इतकं जड होतं, की तिला पेन उचलताना स्वतःचीच भीती वाटली.

तिने छापील ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'मी वळले तेव्हा काठी हलत होती. चेंडू होलात होता. पडताना मी पाहिला नाही.' त्याखाली सही केली, तारीख टाकली.

मार्शाने विमा कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, साक्षीदाराने पाहिलं का. मार्शा नाही म्हणाली. बाई म्हणाली, फोन केल्याबद्दल आभार, आपला दिवस आनंदात जावो.

आता गंमत अशी, की विमा कंपनीने नाही म्हटलं तरी क्लबने हो म्हटलं. चेंडू आत होता, फटका एक होता, चौघांच्या कार्डावर तसं लिहिलं गेलं. आणि एका फटक्यात होल करणाऱ्याने त्या दिवशी मैदानावर असलेल्या प्रत्येकाला पाजायचं, अशी पूर्वापार रीत आहे. तेव्हा व्हर्लिनने ट्रकही घालवला आणि एकशे अठ्ठावीस माणसांना बिअरही पाजली. पाच वाजता मार्शाने तेराव्या होलावर लिंबू सरबताचा पेला आणून दिला. "व्हर्लिनकडून. तो म्हणाला, प्रत्येकाला म्हणजे प्रत्येकाला." आर्लिस ते प्यायली. टाकून देणं तिला जमत नसे. सहा वाजता दोन माणसं आली आणि निळा ट्रक रिबिनीसकट घेऊन गेली.

पुढे गावाने आर्लिसला काहीही म्हटलं नाही. आमच्याकडे कुणी कुणाला काही म्हणत नाही, हीच तर आमची खोड आहे. दुकानातल्या रांगेत बायका तिच्याशी हवेबद्दल बोलत, आणि हवा संपली की त्यांना एकदम काहीतरी आठवे. पत्त्यांच्या डावाला तिची जोडीदारीण दोन शुक्रवार आजारी पडली आणि तिसऱ्या शुक्रवारी दुसऱ्या टेबलावर बरी झालेली दिसली. पाठीमागे मात्र सगळे बोलत होते. नऊ वर्षं धरून ठेवलं हो बाईने, म्हणत होते. बुटांचं उट्टं काढलं. तिच्या बाजूने बोललेला एकटा डॅरिल, आणि त्याचं बोलणं त्याच्याच यंत्राच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मार्शाचा फोन आला. "तुम्ही आमच्यासाठी किती केलंत, मिसेस वोंड्रासेक. किती वर्षं. आता जरा आराम करा. सप्टेंबरच्या स्पर्धेला आम्ही कॅमेरा लावतोय."

"कॅमेरा बरा," आर्लिस म्हणाली. "त्याला कुणी हात करत नाही."

"मी काही म्हणत नाहीये हं."

"माहीत आहे."

फोन ठेवून तिने घडीची खुर्ची गॅरेजमध्ये नेली आणि मागच्या भिंतीला टेकवली. मग तिथेच उभी राहून थोडं रडली. लिओच्या वेळी ती सगळ्यांसमोर रडली नव्हती आणि आता एका खुर्चीपायी रडतेय याचा तिला रागही आला. शनिवारी सकाळी कुठे जायचं, हा प्रश्न तिला बावीस वर्षांनी पहिल्यांदाच पडला होता.

मंगळवारी दुपारी ती मागच्या पायरीवर बसून मक्याची कणसं सोलत होती. व्हर्लिनचा ट्रक दोन गल्ल्या आधीपासून ऐकू येतो. तो थांबला, दार वाजलं, आणि व्हर्लिन घराला वळसा घालून मागे आला. तो पायरीपासून चार हातांवर उभा राहिला. पायांत साधे बूट होते.

"पाऊस हवा," तो म्हणाला.

आर्लिसने एक कणीस पूर्ण सोललं. "हवा," ती म्हणाली.

नऊ वर्षांचा अबोला असा सुटला. बुटांचा विषय दोघांनीही काढला नाही.

"लोक म्हणतात, तू मुद्दाम केलंस."

"म्हणू देत."

"मी म्हणत नाही. मुद्दाम करायचं असतं तर काठी हलत होती हे लिहिलं नसतंस."

हे त्या महिन्यात तिला कुणी म्हटलं नव्हतं. कणसाचे रेशमी धागे बोटांना चिकटले होते, ते ती एकेक करून काढू लागली.

"ट्रकचं राहू दे," व्हर्लिन म्हणाला. "माझा चालतोय. दार काय, बांधलेलं आहे." मग तो बराच वेळ अंगणातल्या टोमॅटोंकडे बघत राहिला. बोलायची सवय नसलेला माणूस, त्याला पुढचं वाक्य जुळवायला वेळ लागत होता. "एकेचाळीस वर्षं खेळतोय, आर्लिस. एकदा पडला. आणि मला दिसला नाही. उंचवटा मधे. फादरना नाही, डॉक्टरला नाही. लोक विचारतात कसा गेला, मी म्हणतो, गेला. माझ्याकडे दुसरं काही नाहीच सांगायला. सगळ्यांत जवळ तू होतीस."

"मी पाहिलं नाही. लिहून दिलंय."

"वाचलं मी. पाहिलं नाहीस." त्याने टोपी काढली. "ऐकलंस का?"

आर्लिसचा हात कणसावर थांबला. मार्शाने हे विचारलं नव्हतं, फादरनी नव्हतं, विमा कंपनीच्या बाईने तर नव्हतंच. फॉर्मवर त्याला जागा नव्हती.

"ऐकलं," ती म्हणाली.

व्हर्लिन पायरीवर तिच्या शेजारी बसला. मधे कणसांची टोपली होती.

"आधी उंचवट्याच्या माझ्या बाजूला पडला," आर्लिस म्हणाली. "धप नाही. मऊ. पिकलेलं प्लम गवतात पडतं ना, तसा. मग काही नाही. माझा हात वर होता तेवढा वेळ काही नाही. मग काठीला लागला. टिक. एकदाच, आणि हळू. जोरात लागला असता तर उडून बाहेर आला असता. मग आत. आतल्या डब्याच्या कडेने फिरला. दीड फेरा."

"दीड?"

"दीड. दोन नाही. मग तळाला बसला, आणि बसल्यावर पुन्हा हलला नाही."

व्हर्लिनने डोळे मिटले होते. त्याचे ओठ थोडे हलत होते, पहिल्यांदा प्रार्थना शिकणाऱ्यासारखे. लांब कुणाच्या तरी अंगणात पाण्याची फवारणी चालू होती.

"पुन्हा सांग," तो म्हणाला.

आर्लिसने कणीस खाली ठेवलं, हात गुडघ्यावरच्या टॉवेलला पुसले, आणि पुन्हा सांगितलं. मऊ पडलेला, मग काही नाही, मग टिक, मग दीड फेरा. तो आणखी थोडं काही ऐकायला आसुसला होता हे तिला कळत होतं. तिने एक शब्दही वाढवला नाही.